छताला हात लावून पाहा!

बालमित्रांनो, आज रात्रीची जेवणं आटोपली की एक गंमत करा. पंखा बंद करा, घरातल्या एखाद्या उंच माणसाला स्टुलावर उभं करा आणि छताला तळहात टेकवायला सांगा. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल आणि दिवस उन्हाळ्याचे असतील, तर हात चटकन मागे येईल. सूर्य मावळून तीन-चार तास झालेले, बाहेर वारा सुटलेला, आणि छत मात्र अजून तापलेलंच! असं का बरं होतं? आणि तुमच्या घरी येणाऱ्या लाइट बिलाचा या तापलेल्या छताशी काय संबंध? आज आपल्याला हेच कोडं सोडवायचं आहे.

मलाही हे कोडं पडलं ते माझ्या ताईच्या घरी, जळगावला. खानदेशातला एप्रिल म्हणजे काय, ते तिकडच्या मुलांना सांगायलाच नको. ताईचं घर इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर. वर गच्ची आणि गच्चीवर दिवसभर ऊन. मी सुट्टीत गेलो तेव्हा घरात दोन गोष्टींवरून वातावरण तापलेलं होतं. एक म्हणजे लाइट बिल. "दिवा कोणी चालू ठेवला?" यावरून भाचा आणि भाची रोज भांडत होते. दुसरी गोष्ट जास्त काळजीची होती. ताईच्या सासूबाई, म्हणजे मुलांची आजी, आठवड्यापूर्वी दुपारी स्वयंपाकघरातून उठताना चक्कर येऊन पडल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "यांना गारव्यात ठेवा. या वयात उष्णता सोसत नाही."

आता गारवा आणायचा कुठून? दाजी म्हणाले, "हप्त्यावर एसी घेऊ." ताई म्हणाली, "हप्ता भरू हो, पण बिल कोण भरणार?" आणि आजी म्हणाल्या, "मला नको तुमचा एसी. मी आपली जिन्यात चटई टाकून झोपते." खरंच, आजी रात्री जिन्यातच झोपत होत्या!

मग मी भाचरांना म्हटलं, "भांडू नका. आपण आधी शोध लावू, की आपल्या घरात वीज खातं कोण."

लाल डोळ्याचा हिशेबनीस

तुमच्या घराच्या दाराशी किंवा इमारतीच्या जिन्याखाली विजेचा मीटर असतो. पूर्वीच्या मीटरमध्ये एक चकती गरगर फिरायची. आताच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. बहुतेकांना वाटतं, तो नुसता मीटर चालू असल्याची खूण आहे. तसं नाही बरं का! तो लाल डोळा पक्का हिशेबनीस आहे. घरात जितकी जास्त वीज वापरली जाईल, तितक्या भराभर तो डोळा मिचकावतो.

किती वेळा डोळा मिचकावला की एक युनिट होतं, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० होता. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट वीज खर्च झाली. आणि युनिट म्हणजे काय? १००० वॅटचं उपकरण एक तास चालवलं की जेवढी वीज लागते, ते एक युनिट. १००० वॅटची इस्त्री एक तास, किंवा १०० वॅटचा जुना बल्ब दहा तास. हिशेब एकच.

भाची वही-पेन्सिल घेऊन मीटरसमोर बसली. मी घड्याळ धरलं. धाकटा घरात बटणं दाबायला. आधी घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा पाच मिनिटांसाठी. मग एकेक वस्तू चालू करत गेलो.

एक साधा पंखा पूर्ण वेगात लावला. लाल दिवा पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकला. म्हणजे मिनिटाला चार वेळा, तासाला २४०. त्याला ३२०० ने भागलं तर ०.०७५ युनिट, म्हणजेच पंखा ७५ वॅटचा. भाचीने गणित केलं आणि तिचा स्वतःवर विश्वासच बसेना. "मामा, पुस्तकातला भागाकार खरंच उपयोगी पडतो की!"

मग फक्त ९ वॅटचा एलईडी दिवा लावला. आम्ही वाट पाहतोय, पाहतोय... दोन मिनिटं उलटून गेल्यावर दिवा एकदाचा लुकलुकला. ज्यावरून बहीण-भाऊ रोज भांडत होते, तो दिवा असा गरीब निघाला! आणि न्हाणीघरातला २००० वॅटचा गिझर लावला, तर लाल डोळा सेकंदाला जवळजवळ दोनदा मिचकायला लागला. धाकटा आतून ओरडला, "मोजलं का?" भाची म्हणाली, "अरे, मोजताच येत नाहीये!"

पण खरी गंमत पुढेच होती. पुन्हा सगळं बंद केलं, तरी मधूनच दिवा लुकलुकत होता! घरात चोर शिरल्यासारखे आम्ही शोधायला लागलो. टीव्ही रिमोटने बंद केलेला, पण भिंतीवरचं बटण चालूच. त्याच्या शेजारी सेट-टॉप बॉक्स अंगाला गरम लागत होता. गरम लागतोय म्हणजे वीज खातोय! समजा असा एखादा डबा नुसता बसून १० वॅट खात असेल, तर दिवसाचे चोवीस तास आणि महिन्याचे तीस दिवस धरून ७.२ युनिट होतात. काहीही काम न करता!

तुम्हीही हा प्रयोग जरूर करा. फक्त दोन गोष्टी पाळा. मीटर नुसता पाहायचा, त्याला किंवा कुठल्याही वायरीला हात लावायचा नाही. आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय सुरुवात करायची नाही.

एका युनिटमागे किती कोळसा?

तुम्ही म्हणाल, "दहा-वीस युनिटांनी काय होतंय?" तर ऐका. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजूनही कोळसा जाळून तयार होते. एक युनिट विजेला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे महिन्याला दहा युनिट वाचवली, तर सहा-सात किलो कोळसा जमिनीतच राहिला! शिवाय वीज तारांतून शेकडो किलोमीटर प्रवास करून येते, तेव्हा वाटेत थोडी वाया जाते, ती वेगळीच.

चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, राज्यातल्या सगळ्यात मोठ्या केंद्रांपैकी एक. तिथे जळणाऱ्या कोळशावर कितीतरी दूरच्या घरांतले पंखे फिरतात. आणि चंद्रपूर हेच उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी एक आहे. कोळसा जळतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो, तो पृथ्वीभोवती पांघरुणासारखा साचतो आणि उष्णता अडवून धरतो. मग उन्हाळे आणखी कडक होतात. उन्हाळा कडक झाला की आपण आणखी पंखे, आणखी एसी लावतो. त्याला आणखी वीज, आणखी कोळसा. आपणच आपल्या शेपटीचा पाठलाग करतो आहोत की नाही?

घरातले खादाड आणि मिताहारी

आमच्या वहीत शेवटी जी यादी झाली, तिच्यातली ही ठळक मंडळी.

दिवे : जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब विजेतला फार थोडा भाग प्रकाशात बदलतो, बाकी सगळी उष्णताच. तेवढाच उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. पांढरा उजेड देणारे हे दिवे शक्य झाले ते निळ्या एलईडीच्या शोधामुळे. त्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

पंखे : एक पंखा ताशी फार खात नाही, पण चालतो किती वेळ! ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास चालला, तर महिन्याला २७ युनिट होतात. आता बाजारात वेगळ्या मोटरचे पंखे मिळतात. त्यांना बीएलडीसी म्हणतात. ते सुमारे ३० वॅटवर तेवढाच वारा देतात. त्यांचं महिन्याचं खाणं ११ युनिटांच्याही आत. किंमत जास्त असते, पण दिवसरात्र चालणाऱ्या पंख्याला ती परवडते. उपकरणांवर तारे छापलेली पट्टी असते, ती तुम्ही पाहिलीच असेल. आपल्या देशात २००६ साली ती सुरू झाली. तारे जितके जास्त, तितकी भूक कमी.

गिझर : १५ लिटरची एक बादली पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागतं. तेवढ्यात ९ वॅटचा दिवा अडतीस तास जळेल! तेव्हा "दिवा बंद कर" असं ओरडणाऱ्या मोठ्यांना सांगा, "गिझर आंघोळीच्या दहा मिनिटं आधी लावा आणि पाणी तापलं की बंद करा." छपरावर सौर बंब असेल, तर बहुतेक दिवस फुकट!

फ्रिज : हा चोवीस तासांचा नोकर. त्याला भिंतीला चिकटवून ठेवू नका, उन्हात ठेवू नका आणि त्यात गरम भांडं ठेवू नका. दार लावताना मध्ये कागद धरा. कागद सहज ओढून निघाला, तर दाराचं रबर सैल झालंय असं समजा.

एसी : दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट घेतो. म्हणजे वीस साध्या पंख्यांएवढं! त्याचं तापमान एक अंशाने वाढवलं तरी सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच २०२० सालापासून आपल्याकडे नवा एसी सुरू केला, की तो आपोआप २४ अंशांवर सुरू होईल, असा नियम झाला.

यादी पाहून भाची विचारात पडली. मग तिने जो प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. ती म्हणाली, "मामा, पंखे रात्रंदिवस चालतात, कारण घर तापतं. मग पंखा वीज खातो असं कशाला म्हणायचं? घरच वीज खातंय!"

अगदी बरोबर! पंखा बिचारा सांगकाम्या. त्याला कामाला लावतं ते घर.

ऊन कुठून येतं?

उन्हाळ्यात घरात सगळ्यात जास्त ऊन कुठून येतं? खिडकीतून? नाही. वरच्या मजल्यावर तरी ते छतातून येतं. तुम्ही शून्य सावलीच्या दिवसाबद्दल ऐकलं असेल. मे महिन्यात एक दिवस असा येतो, की भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि आपली सावली पायाखाली गुडूप होते. कोल्हापूरला हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईला मेच्या मध्याला आणि जळगाव-नागपूरकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दिवसांत दुपारी भिंतींवर ऊन जवळजवळ नसतंच. सगळं ऊन पडतं ते गच्चीवर!

गच्ची असते सिमेंट-काँक्रीटची, चार-पाच इंच जाडीची. काळपट, खडबडीत. ती ऊन पिऊन टाकते. पण काँक्रीटमधून उष्णता लगेच खाली उतरत नाही. तिला काही तास लागतात. दुपारी वर पडलेलं ऊन संध्याकाळी खाली पोचतं. नेमकं आपण घरी येतो, अभ्यासाला बसतो, अंथरूण घालतो तेव्हा! आणि मग पंखा काय करतो? छताखालची तीच गरम हवा आपल्या अंगावर लोटतो. आहे की नाही शहाणपणा?

उरलेलं ऊन पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येतं. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असतो, त्यामुळे ते ऊन छज्जाखालून थेट आत घुसतं. त्याला अडवायचं तर खिडकीच्या बाहेर अडवावं लागतं. आतून पडदा लावून फारसा उपयोग नाही, कारण ऊन काच ओलांडून घरात आलेलंच असतं. पाहुणा घरात शिरल्यावर दार लावण्यासारखं आहे ते!

आजींचं धाब्याचं घर

आम्ही हे सगळं बोलत होतो तेव्हा आजी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अहो मामा, आमच्या खेड्यातल्या घरात पंखाच नव्हता. दुपारी आम्ही आत झोपायचो गारव्यात."

मुलं हसली. पण आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांचं माहेर धाब्याच्या घरातलं. खानदेशात, मराठवाड्यात अशी घरं अजून दिसतात. कुठे त्याला माळवद म्हणतात. हातभर किंवा त्याहूनही रुंद मातीच्या भिंती. वर लाकडी सरे, त्यांच्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांच्यावर मातीचा जाडजूड थर. सगळ्यात वर पांढरी, खारी माती. भिंतीत लहान खिडक्या आणि छताला झरोका.

यातलं विज्ञान बघा हं. माती जाड, म्हणून ऊन आत उतरायलाच रात्र होते. तोपर्यंत बाहेर गार झालेलं असतं आणि तीच उष्णता वरच्या वर आकाशात निघून जाते. वरची माती पांढरी, म्हणून बरंचसं ऊन परत पाठवते. खिडक्या लहान, म्हणून दुपारची झळ आत येत नाही. आणि गरम हवा हलकी होऊन वर जाते, तिला बाहेर पडायला झरोका!

कोकणात मात्र हेच घर चालणार नाही. तिथे धो-धो पाऊस आणि दमट हवा. म्हणून तिथे उतरतं कौलारू छप्पर, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या भिंती आणि पुढेमागे पडवी. कौलांच्या फटींतून हवा खेळती राहते आणि पडवी भिंतीवर ऊन येऊ देत नाही. आणि पुण्या-साताऱ्याकडचे वाडे? मधोमध चौक. रात्री चौकात गार हवा उतरून साचते आणि दिवसा आजूबाजूच्या खोल्यांना पुरते. पुस्तक न वाचलेल्या गवंड्यांनी आणि सुतारांनी आपापल्या गावाचं ऊन-पाऊस वाचून ही घरं बांधली होती.

"मग आपण धाब्याचं घर बांधू या का?" धाकट्याने विचारलं. आजींनी हात जोडले. "नको रे बाबा! दर पावसाळ्यापूर्वी माती टाका, तरी गळतंच. वरून माती पडते, विंचू निघतो." म्हणजे जुनं ते सगळं सोनं नव्हे. पण जुन्यातली युक्ती घेऊन नवं घर बांधता येईल का?

बेकरसाहेबांची युक्ती

हाच प्रश्न आयुष्यभर विचारणारा एक वास्तुशिल्पी आपल्या देशात होऊन गेला. त्यांचं नाव लॉरी बेकर. जन्म १९१७ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. दुसऱ्या महायुद्धात हा तरुण चीनमध्ये रुग्णसेवेला गेला. परत जाताना बोटीची वाट पाहत त्यांना मुंबईत थांबावं लागलं. तिथे त्यांची भेट झाली महात्मा गांधींशी. गांधीजींचा एक विचार बेकरांच्या मनात कायमचा रुतला : खेड्यातलं आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या वस्तूंनीच बांधावं. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. तुमच्या घरातली किती वस्तू आठ किलोमीटरच्या आत तयार झाली असेल, विचार करून पाहा बरं!

बेकर पुन्हा भारतात आले ते कुष्ठरुग्णांसाठी काम करायला. लग्नानंतर पत्नी एलिझाबेथ, ज्या स्वतः डॉक्टर होत्या, यांच्याबरोबर ते हिमालयातल्या पिथोरागडला बरीच वर्षं राहिले. तिथल्या डोंगरी लोकांची दगड, माती आणि लाकडाची घरं पाहून त्यांना कळलं, की आपण कॉलेजात जे शिकलो त्यापेक्षा या अडाणी समजल्या जाणाऱ्या लोकांना जास्त कळतं. पुढे ते केरळात आले आणि तिरुवनंतपुरमला स्थायिक झाले. तिथलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेचं आवार त्यांनीच उभारलं.

त्यांच्या तीन युक्त्या तुम्हांला सांगतो.

पहिली, उंदराच्या पिंजऱ्याची भिंत. नाव मजेदार आहे ना? नेहमी विटा आडव्या ठेवून भिंत रचतात. या पद्धतीत विटा कडेवर उभ्या ठेवतात. त्यामुळे भिंतीच्या पोटात लहान लहान पोकळ्या राहतात, जणू उंदरांचे पिंजरेच! जवळजवळ पाव हिस्सा विटा वाचतात. आणि पोकळीतली अडकलेली हवा उष्णता सहजी आत जाऊ देत नाही. थर्मासमध्ये चहा गरम राहतो, साधारण त्याच जातीची युक्ती.

दुसरी, कौलं घातलेला स्लॅब. काँक्रीटचा स्लॅब वजन पेलतो, तेव्हा त्याच्या खालच्या भागातला ताण लोखंडी सळया घेतात. तिथलं काँक्रीट नुसतं सळयांना धरून बसलेलं असतं. बेकर म्हणाले, मग तिथे महागडं काँक्रीट कशाला? सळयांच्या चौकटींमध्ये मंगलोरी कौलं ठेवा. काँक्रीट वाचतं, स्लॅब हलका होतो, ऊनही कमी उतरतं आणि खालून छत दिसतं नक्षीचं!

तिसरी, विटांची जाळी. काचेची खिडकी आणि लोखंडी गज यांच्याऐवजी विटांमध्ये भोकं सोडून रचलेली भिंत. वारा आत, ऊन बाहेर, आणि चोरही बाहेर!

यातला मोठा मुद्दा लक्षात घ्या. घर आपण राहायला जाण्याआधीच ऊर्जा खाऊन बसलेलं असतं. विटा भट्टीत भाजाव्या लागतात. सिमेंट करायला चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. जगात माणसांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो. म्हणून वाचवलेली प्रत्येक वीट आणि सिमेंटचं प्रत्येक पोतं म्हणजेही वाचवलेला कोळसाच. बेकरसाहेबांना १९८९ साली भारताचं नागरिकत्व मिळालं, १९९० साली पद्मश्री मिळाली. २००७ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते तिरुवनंतपुरमलाच वारले.

पण आमचं घर तर बांधून झालंय!

तुमच्या मनात आलंच असेल. आपण काही भिंती पाडून पुन्हा बांधणार नाही. ताईच्या घरचाही हाच प्रश्न होता. मग आम्ही काय केलं ते ऐका.

सगळ्यात आधी गच्ची. इमारतीतल्या सगळ्यांची परवानगी काढली. गच्ची झाडून धुतली. चुना भिजवला, चिकटपणासाठी त्यात डिंक घातला आणि दाजींनी व मी मिळून सकाळी ऊन चढायच्या आत दोन हात मारले. चुन्याने त्वचेला आणि डोळ्यांना इजा होते, म्हणून मुलांना फक्त पाणी आणून द्यायचं काम दिलं. भाचा कुरकुरला, पण ऐकलं त्याने!

ही युक्ती आमची नव्हे. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची भयंकर लाट आली. एरवीच्या मे महिन्यांपेक्षा त्या वेळी १३०० हून जास्त माणसं दगावली, असं अभ्यासकांना आढळलं. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला, आणि २०१७ साली गरीब वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा चुना लावण्याची मोहीम काढली. तेलंगण राज्याने तर २०२३ साली थंड छपरांसाठी धोरणच जाहीर केलं. पांढऱ्या छतामुळे खालच्या खोलीचं तापमान दोनपासून पाच अंशांपर्यंत उतरू शकतं. काही गच्च्यांवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवलेले तुम्ही पाहिले असतील. त्यांचंही काम तेच.

मग पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावली. खिडक्यांचं वेळापत्रक केलं : सकाळी नऊला सगळ्या बंद, संध्याकाळी बाहेरची हवा गार झाली की सगळ्या उघड्या, समोरासमोरच्या दोन्ही. आजींच्या खोलीतला पंखा बदलला. आणि एसीऐवजी एक कूलर आणला. जळगावची हवा उन्हाळ्यात कोरडी, त्यामुळे पाणी भराभर वाफ होतं आणि वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. माठातलं पाणी गार होतं तसंच. रत्नागिरी-मुंबईच्या मित्रांनो, तुमच्याकडे हवा आधीच दमट, तिथे कूलर फारसा उपयोगी नाही. तिथे वारा खेळता ठेवणं हाच उपाय.

मग घर महाबळेश्वर झालं का? नाही! मे महिन्यात दोन-चार दिवस असे आले, की सगळेच कासावीस झाले. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं असतं, तर दाजी एसी आणणारच होते, आणि त्यात चूक काहीच नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या जिवापेक्षा युनिट मोठं नाही. पण एक लक्षात ठेवा. पांढऱ्या छताखालच्या खोलीला एसीसुद्धा कमी लागतो.

तुम्ही काय कराल?

एकसारखे तीन पत्र्याचे डबे घ्या. तिन्हींत एकेक पेला पाणी घाला आणि झाकणं लावा. एकाला काळा कागद गुंडाळा, दुसऱ्याला पांढरा, तिसऱ्याला ओलं फडकं. दुपारी दोन तास उन्हात ठेवा. फडकं वाळलं की पुन्हा भिजवा. मग तिन्हींतल्या पाण्याचं तापमान मोजा. थर्मामीटर नसेल, तर बोट आहेच! कोणता डबा तुमची गच्ची, कोणता बेकरसाहेबांच्या आवडीचा आणि कोणता माठ, ते तुम्हीच ठरवा.

मग आठवडाभर रोज एकाच वेळी मीटरवरचा आकडा वहीत लिहा. आज वजा काल, म्हणजे आजचं खाणं. पुढच्या आठवड्यात एकच सुधारणा करा आणि पुन्हा लिहा. आकडा उतरला, तर आईबाबांना दाखवा. उतरला नाही, तर घाबरू नका. चोर अजून सापडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ!

आमचा चोर सापडला तो असा. चुना लावून चार दिवस झाले होते. रात्री दहा वाजता भाचीने मला हाक मारली. दाजी स्टुलावर चढून छताला हात टेकवून उभे होते, आणि हात मागे घेत नव्हते. "कोमट आहे," ते म्हणाले. ताईला खरं वाटेना, मग तीही चढली.

एवढ्यात दार वाजलं. आजी होत्या. काखेत चटई, हातात उशी.

"जिन्यात डास फार झालेत," त्या म्हणाल्या आणि आपल्या खोलीत जाऊन झोपल्या.

सकाळी भाचीने वहीत मीटरचा आकडा लिहिला. त्याच्याखाली तिने आणखी एक ओळ लिहिली : आजी घरात झोपली.